बांधकाम ठरलं तेव्हा हातात फक्त दहा महिने होते. एका माळ्याने काचेचा महाल उभा करून दाखवला

तुमच्या गल्लीत एखाद्या बिल्डिंगचं काम चालू असेल तर हे चित्र तुम्ही रोज बघत असाल. रस्त्यावर खडीचा ढीग पडलाय, पण सिमेंट आलेलं नाही. सिमेंट आलं तेव्हा सळई बांधणारे गावाला गेलेत. टाइल्सचे खोके सहा महिने आधीच येऊन पडलेत आणि त्यातल्या कित्येक फुटल्यात. लिफ्टचं सामान यायचंय म्हणून जिन्याचा रंग अडलाय. सुपरवायझर सकाळपासून फोनवर ओरडतोय आणि पझेशनची तारीख पुढे पुढे सरकतेय.

बांधकामाच्या धंद्यात यातल्या दोन गोष्टींना दोन नावं आहेत. कुठलं काम कधी होणार ते शेड्युल. कुठला माल किती, कधी आणि कुठे येऊन पडणार ते मटेरियल मॅनेजमेंट. अनेक साइटवर ही दोन कामं दोन वेगळी माणसं दोन वेगळ्या टेबलांवर बसून करतात आणि एकाने काय ठरवलंय ते दुसऱ्याला माल अडकल्यावर कळतं. ही दोन टेबलं एकत्र कशी आणायची यासाठी आज महागडी सॉफ्टवेअर विकली जातात.

पण १८५० साली लंडनमध्ये ही दोन टेबलं एकत्र आली होती. तेव्हा कॉम्प्युटर सोडा, टेलिफोनही नव्हता. आणि ज्याच्या डोक्यातून हे सगळं सुरू झालं तो ना इंजिनिअर होता ना आर्किटेक्ट. तो माळी होता. त्याचं नाव जोसेफ पॅक्सटन.

पॅक्सटनचा जन्म ३ ऑगस्ट १८०३ चा. इंग्लंडमधल्या बेडफर्डशायर परगण्यातलं मिल्टन ब्रायन हे त्याचं गाव. घर शेतकऱ्याचं, भावंडं भरपूर, पैसा नाही. शिक्षण जेमतेम. पोरगा बागकामाला लागला आणि वयाच्या विशीत लंडनजवळ चिझिकला हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या बागेत नोकरी मिळवली. नोकरी मिळवताना गडी जन्मसाल खोटं बोलला, १८०३ ऐवजी १८०१ सांगितलं. थोडक्यात, वय वाढवून आत शिरला.

त्या बागेशेजारीच डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकचा बंगला होता. ड्यूक बागेत फिरायला यायचे, या पोराशी गप्पा मारायचे. त्यांच्या डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ नावाच्या अवाढव्य इस्टेटीला मुख्य माळी हवा होता. त्यांनी २२ वर्षांच्या पॅक्सटनला थेट ती जागा देऊन टाकली.

चॅट्सवर्थमधला त्याचा पहिला दिवस इंग्लंडमध्ये आजही सांगितला जातो. ९ मे १८२६ ची पहाट. साडेचारच्या सुमाराला पॅक्सटन पोहोचला, तर सगळं बंद. मग भिंतीवरून उडी मारून आत गेला, सगळी बाग पायी पालथी घातली, सहा वाजता मजूर आले तसं त्यांना कामाला लावलं, कारंजी सुरू करून बघितली आणि मग घराची व्यवस्था बघणाऱ्या बाईंकडे नाश्त्याला गेला. तिथे त्यांची भाची सारा बाऊन बसली होती. नऊ वाजायच्या आत नवी नोकरी समजून घेऊन झाली होती आणि प्रेमातही पडून झालं होतं. पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. पॅक्सटन सतत फिरतीवर असायचा तेव्हा चॅट्सवर्थचा कारभार आणि पैशाचा हिशेब ही साराच सांभाळायची. रेल्वेच्या शेअरमध्ये या जोडप्याने चांगला पैसा केला.

आता माळ्याचा आणि बांधकामाचा संबंध काय?

इंग्लंडच्या थंडीत केळी, अननस, ऑर्किड वाढवायची तर काचघर लागतं. ड्यूकना जगभरातली झाडं हवी होती. पॅक्सटनने आपला एक माळी १८३५ मध्ये थेट कलकत्त्याला पाठवला होता आणि तो दोन वर्षांनी इथली झाडं काचेच्या पेट्यांत घालून घेऊन आला. ती ठेवायला मोठं घर पाहिजे. म्हणून १८३६ ते १८४० या काळात चॅट्सवर्थला ग्रेट कॉन्झर्व्हेटरी उभी राहिली. लांबी २७७ फूट, रुंदी १२३ फूट. त्यातून घोडागाडी फिरवता यायची.

या काचघराच्या कामात पॅक्सटनला पुढे आयुष्यभर पुरेल असा धडा मिळाला. त्याला काचेची लांब पट्टी हवी होती, कारण दोन पट्ट्यांचा जोड आला की तिथून पाणी झिरपतं आणि घाण साठते. बर्मिंगहॅमजवळच्या स्मेथिकमधला चान्स ब्रदर्सचा कारखाना तेव्हा तीन फुटांची काच करायचा. पॅक्सटन म्हणाला चार फुटांची करा, नाहीतर राहू द्या. त्यांनी केली. काच तोंडाने फुंकून मोठी नळी बनवायची, ती उभी चिरायची आणि गरम करून सपाट पाडायची, अशी ती पद्धत. म्हणजे काच किती लांब मिळणार हे कारागिराच्या फुप्फुसावर आणि हातावर ठरायचं. त्यामुळे काचेचं माप आधी ठरलं आणि छताचं डिझाइन त्या मापावरून निघालं.

दुसरी गोष्ट लाकडाची. ती काच बसवायला मैलोन् मैल लांबीच्या खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या लागणार होत्या. सुतारांकडून हाताने करून घेतल्या असत्या तर वर्षानुवर्षं गेली असती. पॅक्सटनने वाफेवर चालणारं यंत्रच बनवलं, ज्यातून पट्टी तयार होऊनच बाहेर यायची. त्यासाठी त्याला पुढे सोसायटी ऑफ आर्ट्सचं पदकही मिळालं.

आणि तिसरी गोष्ट कोळशाची. एवढं काचघर गरम ठेवायला आठ बॉयलर होते. कोळशाच्या गाड्या बागेतून जाताना दिसल्या तर ड्यूकच्या पाहुण्यांचा रसभंग होणार, म्हणून पॅक्सटनने जमिनीखाली बोगदा खणून त्यात रुळांवरची छोटी ट्रॉली चालवली. एक रात्र कोळसा पोहोचला नाही तर अख्ख्या जगातून आणलेली झाडं सकाळी मेलेली असणार. माल उशिरा आला तर काय होतं, हे माळ्याला कुणी शिकवावं लागत नाही.

१८४९ मध्ये त्याच्याकडे क्यू गार्डनमधून एक रोप आलं. दक्षिण अमेरिकेतली राक्षसी कमळवेल, परातीसारख्या पानांची. क्यूमध्ये तिला फूल येत नव्हतं. पॅक्सटनने तिच्यासाठी कोमट पाण्याचं टाकं केलं आणि नोव्हेंबरमध्ये ती फुलली. पान एवढं मजबूत की त्यावर त्याची लहान मुलगी ॲनी उभी राहिली. पानाच्या खालच्या बाजूच्या शिरांची जाळी बघून पॅक्सटनला बांधकामाची कल्पना सुचली, असं पुढे खूप रंगवून सांगितलं गेलं. पण माझ्या मते पानापेक्षा त्या वेलीसाठी त्याने बांधलेलं घर जास्त महत्त्वाचं आहे. सपाट दिसणारं, पण बारीक बारीक उंचवटे आणि पन्हळी असलेलं काचेचं छप्पर, पोकळ लोखंडी खांब आणि त्यांच्यातूनच वाहून जाणारं पावसाचं पाणी. पुढच्या महालाचं हे छोटं मॉडेल होतं.

इकडे लंडनमध्ये वेगळाच गोंधळ चालू होता.

राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांनी सगळ्या देशांच्या उद्योगांचं भव्य प्रदर्शन भरवायचं ठरवलं होतं. तारीख १ मे १८५१, जागा लंडनचं हाइड पार्क. इमारत कशी असावी यासाठी स्पर्धा जाहीर झाली आणि २४५ डिझाइन आली. समितीने सगळी नाकारली आणि स्वतःच एक डिझाइन बनवलं. समितीत इझांबार्ड ब्रुनेल, रॉबर्ट स्टीफन्सन असे त्या काळचे दिग्गज इंजिनिअर होते. त्यांनी काढलं काय, तर विटांची लांबलचक इमारत आणि मध्ये सेंट पॉल चर्चपेक्षाही रुंद घुमट.

जून १८५० मध्ये ते चित्र छापून आलं आणि लोक खवळले. एक तर हाइड पार्कची वाट लागणार होती. दुसरं म्हणजे त्याला दीड कोटीच्या आसपास विटा लागणार होत्या. एवढ्या विटा भाजणार कोण, पार्कात आणून टाकणार कोण, आणि भिंती वाळणार कधी? कागदावर इमारत होती, १ मे ही तारीखही होती, पण त्या दोघांना जोडणारा विटांचा हिशेब जमत नव्हता.

तोपर्यंत पॅक्सटन मिडलंड रेल्वेचा संचालक झालेला होता. ११ जून १८५० ला डर्बीत एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या चुकीची चौकशी चालली होती. बैठकीत पॅक्सटन टिपकागदावर काहीतरी रेघोट्या मारत बसला होता. चौकशी संपली तेव्हा टिपकागदावर इमारत होती. हा कागद आजही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने जपून ठेवलाय. नऊ दिवसांत पूर्ण नकाशे तयार झाले. खांब आणि तुळयांचं गणित त्याने रेल्वेचाच इंजिनिअर विल्यम बार्लो याच्याकडून तपासून घेतलं. नकाशे घेऊन लंडनला जाताना ट्रेनमध्ये समितीतलेच रॉबर्ट स्टीफन्सन भेटले. ते नकाशे बघण्यात इतके गुंगले की तोंडातला सिगार विझला तरी कळलं नाही, असं म्हणतात.

समिती मात्र स्वतःच्या घुमटाच्या प्रेमात होती. मग पॅक्सटनने आजच्या भाषेत सांगायचं तर डिझाइन व्हायरल केलं. ६ जुलैला ते इलस्ट्रेटेड लंडन न्यूजमध्ये छापून आणलं. लोकांना ते आवडलं आणि समितीची अडचण झाली.

पण नुसतं चित्र आवडून काय उपयोग? बांधणार कोण आणि कितीत? इथे फॉक्स, हेंडरसन ही कंपनी पुढे आली. रेल्वेची स्टेशनं, पूल, लोखंडी छपरं हा त्यांचा धंदा. त्यांनी लोखंडवाले, काचवाले, लाकूडवाले यांच्याकडून काही दिवसांत भाव मागवले आणि ७९,८०० पौंडांचं टेंडर भरलं. अट एकच : प्रदर्शन संपल्यावर इमारतीचा सगळा माल आमचा. म्हणजे उभी करतानाच ती उतरवून पुन्हा विकता येईल, अशी बांधायची. जुलैच्या मध्यात मंजुरी मिळाली आणि ३० जुलैला जागा ताब्यात आली. उद्घाटनाला उरले होते नऊ महिने, आणि त्यातच प्रदर्शनाचा माल मांडायचा वेळही धरायचा होता.

आता खरी गंमत बघा. या इमारतीची लांबी होती १,८४८ फूट. रुंदी ४०८ फूट. मधला मोठा रस्ता ७२ फुटांचा. कुठलाही आकडा २४ ने भागून बघा, बरोबर भाग जातो. हा २४ आला कुठून? चान्स ब्रदर्सच्या काचेतून. एक काच ४९ इंच लांब आणि १० इंच रुंद. अशा दोन काचा तिरप्या ठेवल्या की छपराचा एक उंचवटा होतो, तो पडतो ८ फुटांचा. तीन उंचवटे म्हणजे २४ फूट. म्हणून दर २४ फुटांवर खांब. स्मेथिकचा कारागीर जी काच सहज आणि भराभर करू शकत होता, तिने लंडनच्या इमारतीची लांबी-रुंदी ठरवली.

याचा परिणाम साइटवर काय झाला ते समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे.

इमारतीत सुमारे ३,३०० बिडाचे खांब, दोन हजारांहून जास्त तुळया, जवळपास ३ लाख काचा आणि २०५ मैल लांबीच्या लाकडी पट्ट्या होत्या. पण प्रकार मात्र मोजकेच. खांबांची बाहेरची जाडी सगळीकडे सारखी. ज्या खांबावर जास्त वजन, त्याच्या आतलं लोखंड जाड, एवढाच फरक. त्यामुळे ठरलेल्या तुळईचं माप कुठल्याही दोन खांबांमध्ये बसायचं. आज साइटवर माल अडतो तो बऱ्याचदा यासाठी, की आलेला तुकडा आत्ताच्या कामाचा नसतो आणि हवा असलेला तुकडा दहाव्या ट्रकमध्ये असतो. इथे तो प्रश्न मुळातच कमी करून टाकला होता. जी तुळई आधी येईल ती पुढच्या मोकळ्या जागी चढवायची.

जागा ताब्यात आल्यावर पहिले जवळपास दोन महिने पार्कात बघण्यासारखं फार काही घडलं नाही. जमीन सपाट होत होती, पाया भरला जात होता. पण चार्ल्स फॉक्स रोज अठरा अठरा तास ड्रॉइंग काढत बसला होता. सात आठवडे हे चाललं. एकेक तुकड्याचं ड्रॉइंग झालं की ते कारखान्यात जायचं आणि ओतकाम सुरू व्हायचं. पॅक्सटनला सगळं श्रेय देणाऱ्या गोष्टींमध्ये हा फॉक्स हरवतो. कल्पना पॅक्सटनची, पण तिचं रोजच्या मालात आणि रोजच्या कामात रूपांतर केलं ते फॉक्स आणि त्याचा भागीदार जॉन हेंडरसन यांनी.

२६ सप्टेंबर १८५० ला पहिला खांब उभा राहिला. मग जे सुरू झालं ते बघायला लंडनकर गर्दी करू लागले.

लोखंड ओतलं जायचं बर्मिंगहॅमच्या आसपासच्या कारखान्यांत. तिथून रेल्वेने लंडनच्या यूस्टन स्टेशनवर. हाइड पार्कात रूळ नव्हते, त्यामुळे पुढे घोड्यांच्या गाड्यांवरून. पार्कात आल्यावर तुळई आधी वजनाला जायची. मग पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रात घालून तिच्यावर भार टाकून बघायचे. काही मिनिटांत निकाल. पास झाली की लाकडी वासे, दोर आणि कप्प्या लावून थेट वर. काही तुळया तर कारखान्यात ओतल्यापासून १८ तासांत आपल्या जागी चढल्या होत्या. घोडागाडीच्या जमान्यात!

माल आणून ढीग मारायचा, मग त्यातून शोधायचा, मग गंजलेला बाजूला काढायचा, हे जवळपास नाहीच. तपासणीही कारखान्यात न ठेवता दारातच ठेवली. वाटेत तडा गेलेली तुळई वर चढलीच नसती.

लाकडाची गोष्ट तर अजून भारी. पार्काभोवती आधी लाकडी फळ्यांचं कुंपण उभारलं होतं. काम संपत आलं तेव्हा त्याच फळ्या काढून आतली जमीन केली. कुंपणाचा माल आणि फरशीचा माल एकच, फक्त शेड्युलमधली जागा वेगळी. छपराच्या लाकडी पन्हळी लंडनमधल्याच एका करवत गिरणीत यंत्रावर कापल्या जात होत्या. काच धरणाऱ्या पट्ट्यांना ब्रश घेऊन कोण रंगवत बसणार? रंगाच्या डोणीतून पट्टी ओढायची, पुढे लावलेले ब्रश जादा रंग पुसून घ्यायचे.

काचा बसवायची वेळ आली ऐन हिवाळ्यात. पाऊस, धुकं, लवकर पडणारा अंधार. एवढ्या मोठ्या छपराला परात बांधायची म्हटली तर तिलाच महिने गेले असते. त्याऐवजी चाकं लावलेले गाडे केले आणि ते गाडे छपराच्या पन्हळीतूनच चालवले. गाड्यावर ताडपत्रीचं छप्पर, आत कारागीर, त्यांच्याजवळ काचा आणि लांबी. पुढे काच बसवायची, गाडा मागे सरकवायचा. पाऊस आला तरी काम चालू. एका आठवड्यात ८० जणांनी १८,००० वर काचा बसवल्या.

सगळं गुडीगुडी मात्र नव्हतं. डिसेंबरमध्ये साइटवर दोन हजारांहून जास्त माणसं राबत होती. काच बसवणाऱ्यांनी मजुरी वाढवून मागितली, काम बंद केलं. कॉन्ट्रॅक्टरने म्होरक्यांना काढून टाकलं आणि बाकीचे परत कामावर आले. ज्या व्यवस्थेत सगळ्या काचा सारख्या होत्या, तिथे माणसंही सहज बदलता येण्यासारखी झाली होती. पॅक्सटनच्या कौतुकाच्या लेखांत हा भाग सहसा येत नाही.

शिवाय वर्षाअखेरीची मुदत काही गाठता आली नाही. छप्पर सुरुवातीला गळत होतं. सरकारी ज्योतिर्विद जॉर्ज एअरी यांच्यासारखे मोठे लोक ही इमारत पडणार म्हणून सांगत होते. मग गॅलरीवर सैनिकांना पावलात पाऊल मिळवून चालवलं, उड्या मारायला लावल्या, तोफगोळे ढकलून बघितले. काही झालं नाही. पार्कातली जुनी एल्मची झाडं तोडायला लोकांचा विरोध होता, म्हणून मध्ये १०८ फूट उंच कमानी छप्पर घालून झाडं आतच ठेवली. फेब्रुवारीत प्रदर्शनाचा माल आत यायला लागला आणि १ मे १८५१ ला राणीच्या उपस्थितीत दारं उघडली. पंच या साप्ताहिकाने दिलेलं क्रिस्टल पॅलेस हे नाव तोवर लोकांच्या तोंडी बसलं होतं.

ऑक्टोबरपर्यंत तिकीट काढून आलेल्यांचा आकडा ६० लाखांवर गेला. लोक भारतातून नेलेला कोहिनूर बघायला रांगा लावायचे. पॅक्सटनला ५,००० पौंड आणि सर ही पदवी मिळाली. फॉक्सही सर झाला.

इथे गोष्ट संपवली असती तर छान झालं असतं. पण पॅक्सटनचं पुढचं आयुष्य जास्त शिकवतं.

इमारत पार्कातून हलवायची हे आधीच ठरलं होतं. एका नव्या कंपनीने ती विकत घेतली, दक्षिण लंडनमधल्या सिडनहॅमच्या टेकडीवर उभारायची ठरवली आणि सूत्रं पॅक्सटनकडे दिली. तुकडे तयार होते. उतरवायचे, न्यायचे, जोडायचे. पण आता १ मेसारखी कुणाला न हलवता येणारी तारीख नव्हती आणि पॅक्सटनला नाही म्हणणारंही कुणी नव्हतं. इमारत मूळपेक्षा बरीच मोठी झाली. मग बाग. मग कारंजी. कारंज्यांना पाणी चढेना म्हणून ब्रुनेलकडून दोन प्रचंड मनोरे. ५ लाख पौंडांत होईल असं वाटलेलं काम १३ लाखांवर गेलं. ऑगस्ट १८५३ मध्ये तिथली परात कोसळून १२ कामगार मेले. हाइड पार्कात छप्पर हीच परात होती. इथे आकार बदलला, उंची बदलली आणि प्रचंड लाकडी परात बांधावी लागली. जून १८५४ मध्ये राणीने तेही खुलं केलं, पण त्या खर्चाच्या ओझ्याखालून कंपनी नीट कधी वर आलीच नाही. फॉक्स, हेंडरसन कंपनीही १८५६ मध्ये बुडाली.

माणूस तोच, काच तीच, लोखंड तेच. बदललं होतं ते एवढंच, की हाइड पार्कात तारखेने आणि काचेच्या मापाने डिझाइनला बांधून ठेवलं होतं. सिडनहॅममध्ये डिझाइन मोकाट सुटलं आणि माल, पैसा, वेळ तिच्यामागे धावत राहिले.

पॅक्सटन १८५४ मध्ये कॉव्हेंट्रीतून खासदार झाला. तेव्हा क्रिमियाचं युद्ध चालू होतं आणि ब्रिटिश सैनिक थंडीने मरत होते, कारण सामान बालाक्लाव्हाच्या बंदरात येऊन पडलेलं होतं आणि छावणीपर्यंतचा रस्ता चिखलात गेला होता. पॅक्सटनने सुचवलं की रेल्वेची कामं करणारे मजूर फौजेसारखे संघटित करून पाठवा. त्यातून आर्मी वर्क्स कोर उभी राहिली आणि माणसं जमवायचं काम त्यानेच केलं. लंडनभोवती दहा मैलांची काचेची गोलाकार बाजारपेठ बांधायची कल्पनाही त्याने पार्लमेंटच्या समितीपुढे मांडली होती. ती कागदावरच राहिली.

८ जून १८६५ ला सिडनहॅममध्ये तो गेला. पुरलं मात्र चॅट्सवर्थच्या एडेन्सर गावात. त्याची ग्रेट कॉन्झर्व्हेटरी पहिल्या महायुद्धात संपली. बॉयलरला कोळसा मिळेना, झाडं थंडीने गेली, आणि १९२० मध्ये सुरुंग लावून ती पाडली. सिडनहॅमचा महाल ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री आगीत जळाला.

पॅक्सटनच्या पद्धतीचा एक धागा मात्र मुंबईत आहे. फॉक्स, हेंडरसनसाठी क्रिस्टल पॅलेसची ड्रॉइंग काढणाऱ्यांमध्ये रोलंड मेसन ऑर्डिश नावाचा एक तरुण होता. त्यानेच पुढे वॉटसन्स हॉटेलचं डिझाइन केलं. तिचा बिडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतला गेला, तुकड्यातुकड्यांत जहाजावर चढला आणि १८६० च्या दशकात काळा घोड्याजवळ जोडला गेला. सुएझ कालवा खुला व्हायच्या आधीचा तो काळ. एखादा तुकडा राहून गेला असता तर दुसरा यायला किती महिने गेले असते याचा विचार करा. ७ जुलै १८९६ ला भारतात पहिल्यांदा सिनेमा दाखवला गेला तो याच इमारतीत. आज तिला एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात. मोडकळीला आलीय, पण जहांगीर आर्ट गॅलरीला जाल तेव्हा थोडं पुढे जाऊन रस्त्यावरून तिचे खांब बघता येतात.